कोल्हापूरची संग्रहालयं: कोणत्या तिकिटात काय येतं आणि दोन-तीन दिवस कसे आखावेत

परदेशातली मोठी शहरं फिरून आलेले पाहुणे कोल्हापुरात उतरले की हमखास विचारतात, सगळी संग्रहालयं बघायचा मिळून एकच पास कुठे मिळतो? तसा एकत्रित पास कोल्हापुरात नाही. तो का नाही हे कळलं की पुढची आखणी निम्मी सोपी होते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

इथल्या बघण्यासारख्या जागांचे कारभारी निरनिराळे आहेत. न्यू पॅलेसमधलं शहाजी छत्रपती म्युझियम छत्रपती घराण्याकडचं. टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय आणि राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलादालन, ही दोन्ही राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची. कणेरीचं ग्रामजीवन म्युझियम सिद्धगिरी मठाचं. वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, विद्यापीठाचंच. पन्हाळ्यावर प्रवासी कर घेते ती तिथली नगरपरिषद. अंबाबाईच्या मंदिराची व्यवस्था पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे. कारभारी वेगळा म्हणजे खिडकी वेगळी, सुट्टीचा वार वेगळा आणि फोटोचे नियमही वेगळे. तिकिटांना फारसे पैसे पडत नाहीत. पडतो तो वेळ, आणि तो चुकीच्या वारामुळे किंवा चुकीच्या क्रमामुळे वाया जातो. तेव्हा आखणी पैशाची करायची नाही, वार आणि दिशा यांची करायची.

कुठल्या तिकिटात काय

न्यू पॅलेसचं तिकीट तळमजल्यावरच्या संग्रहालयाचं असतं. वरच्या भागात छत्रपती घराण्याचं निवासस्थान आहे, तिकडे पर्यटकांना जाता येत नाही. "एवढा मोठा राजवाडा आणि बघायला एवढंच?" अशी कुरकूर आवारात नेहमी कानावर येते. हे आधी माहीत असलं तर हिरमोड होत नाही. बाहेरचं आवार, तळं आणि तिथले प्राणी-पक्षी बघायला अर्धा तास वेगळा ठेवा. आत फोटो काढायला मनाई आहे. बाहेरून इमारतीचे फोटो हवे तेवढे काढता येतात.

टाऊन हॉलचं तिकीट फक्त इमारतीच्या आतल्या दालनांसाठी. भोवतालची बाग सगळ्यांना खुली आहे. सकाळी तिथे फिरायला येणारे बरेच असतात, आणि त्यातल्या कित्येकांनी इमारतीच्या आत कधी पाऊल टाकलेलं नसतं.

कणेरीला लोक सर्वांत जास्त गोंधळतात. मठात आणि मंदिरात जायला तिकीट नाही. ग्रामजीवन म्युझियमला आहे. त्याच आवारात मुलांच्या करमणुकीची आणखीही दालनं आहेत, त्यांचा हिशेब निराळा. खिडकीवरचा फलक नीट वाचा आणि कुठल्या तिकिटात काय मिळतं ते विचारूनच पैसे द्या. वेळ कमी असेल तर फक्त ग्रामजीवन म्युझियमचं तिकीट घ्यावं. कणेरीला यायचं कारण तेच आहे.

पन्हाळ्याच्या नाक्यावर भरायचा कर हा गडावर प्रवेशाचा. वाटाड्या आणि त्याची बिदागी त्यात धरलेली नाही. अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, रंकाळा, खिद्रापूरचं मंदिर यांना तिकीट नाही.

सगळीकडे लागतील म्हणून दहा, वीस, पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. फोनवरून पैसे देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी झाली आहे, पण गर्दीच्या दिवशी रेंज गेली की रांग तिथेच थांबते. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र आणावं. शाळेची सहल आणणाऱ्यांनी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, विद्यार्थिसंख्या लिहून, शाळेच्या लेटरहेडवर आणावं आणि शासकीय संग्रहालयाला आधी कळवावं. शंभर मुलं एकदम टाऊन हॉलच्या दालनात शिरली तर कुणालाच काही दिसत नाही. पंचवीस-तीसच्या तुकड्या करून एक तुकडी आत, बाकीची बागेत, असं केलं तर मुलांना खरोखर काही बघता येतं.

सोमवार सांभाळा

मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकतात आणि नेमकी संग्रहालयं सोमवारवर ढकलतात. शासकीय संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. म्हणजे टाऊन हॉल आणि मांडरे कलादालन ही दोन्ही त्या दिवशी बंद. नियम सोपा आहे: सोमवारी एकही संग्रहालय धरू नका, न्यू पॅलेससुद्धा नाही. सोमवार पन्हाळ्याला द्या. गडाला साप्ताहिक सुट्टी नसते आणि शनिवार-रविवारी गडावर जी वाहनांची रांग लागते, तीही सोमवारी नसते. एवढा एक बदल केला तरी तीन दिवसांची सहल सुटसुटीत होते.

दसऱ्याच्या दिवशी दुपारनंतर दसरा चौकाकडच्या रस्त्यांवर वाहतूक वळवलेली असते. टाऊन हॉल तिथून जवळच, त्यामुळे तो त्या दिवसाच्या यादीत धरू नये. शाही दसरा बघायचा असेल तर तो दिवस फक्त त्याचाच ठेवा. चैत्र पौर्णिमेच्या आसपास जोतिबाची यात्रा असते, तेव्हा पन्हाळ्याच्या वाटेवरच्या केर्लीपासून पुढचा रस्ता भाविकांचा असतो. त्या दिवसांत पन्हाळा टाळावा. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात, देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. त्यासाठी संध्याकाळी मंदिरात दाटी असते, सकाळ मात्र संग्रहालयांसाठी मोकळी राहते.

पहिली सकाळ टाऊन हॉलला द्या

बहुतेक जण न्यू पॅलेसपासून सुरुवात करतात आणि टाऊन हॉल "वेळ उरला तर" म्हणून ठेवतात. वेळ कधीच उरत नाही. आमचा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी टाऊन हॉल, मग न्यू पॅलेस. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे कालक्रम: टाऊन हॉलमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचं कोल्हापूर आहे, न्यू पॅलेसमध्ये अलीकडच्या दीड-दोनशे वर्षांचं. दुसरं म्हणजे दोन्ही इमारती एकाच वास्तुविशारदाच्या, मेजर चार्ल्स मँट यांच्या. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ मधला, टोकदार कमानी आणि तीव्र उताराची छपरं असलेला, गॉथिक धाटणीचा. न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ मधला. तिथे याच माणसाने घुमट, छत्र्या, कोरीव कमानी आणि घड्याळाचा मनोरा अशी देशी-विलायती घडण एकत्र केली. एका दिवसात, या क्रमाने बघितलं तर हा बदल डोळ्यांना आपोआप कळतो.

रिक्षावाल्याला नुसतं "म्युझियम" म्हणू नका, तो न्यू पॅलेसलाच सोडेल. "टाऊन हॉल, सीपीआरजवळ" असं सांगा. (सीपीआर म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय.) तशीच दुसरी गफलत राजवाड्याची. "जुना राजवाडा" म्हणजे अंबाबाईच्या मंदिराजवळचा, भवानी मंडपाचा भाग. "नवा राजवाडा" म्हणजे कसबा बावड्याच्या वाटेवरचा न्यू पॅलेस. "राजवाड्याला सोडा" एवढंच म्हटलं तर कुठे उतराल सांगता येत नाही.

संग्रहालय साडेदहाला उघडतं आणि साडेपाचला बंद होतं. बंद व्हायच्या अर्धा तास आधी नवं तिकीट मिळेल अशी आशा धरू नका. उघडल्या उघडल्या पोचलात तर पहिला तासभर दालनं शांत असतात. दीड तास पुरतो.

आत गेल्यावर आधी ब्रह्मपुरीच्या वस्तूंकडे वळा. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी. तिथे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. या संग्रहालयाचा पाया तिथे सापडलेल्या वस्तूंनी घातला. ब्रह्मपुरीत सापडलेल्या ऐवजात सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे पोसायडनची, ग्रीक-रोमन समुद्रदेवाची, छोटी ब्रॉन्झ मूर्ती. लोक मोठा पुतळा असेल अशा कल्पनेने येतात आणि शोधत राहतात. ती लहान आहे. पावलं, मांड्या, पोट, छाती इथले स्नायू किती जपून घडवलेत ते जवळ जाऊन बघा. उंचावलेल्या हाताची ठेवण त्रिशूळ धरल्यासारखी आहे, त्रिशूळ मात्र उरलेला नाही. सह्याद्री ओलांडून आत, समुद्रापासून एवढ्या लांब, नदीकाठच्या गावात परक्या देशाचा समुद्रदेव आला, तो व्यापारामुळे. रोमशी चालणारा माल कोकणच्या बंदरांत उतरायचा आणि घाटवाटांनी वर यायचा. रोमन बनावटीचं भांडं, आरसा अशा वस्तूही याच टेकडीवर मिळाल्या. सोबत हत्तीवर बसलेल्या माणसांचं छोटं धातुशिल्प मिळालं, ते अस्सल इथलं. हत्तीचं डौलदार अंग आणि पाठीवर दाटीने बसलेली माणसं बघताना शेजारच्या रोमन वस्तूंशी आपसूक तुलना होते.

नाण्यांकडे मुलांना जरूर न्या. कोल्हापूर परिसरात कुर राजांची नाणी मिळाली आहेत, त्यांच्या एका बाजूला धनुष्यबाण असतो. धनुष्यबाण कोण आधी शोधतो, असं म्हटलं की मुलं काचेला नाक लावून बघतात. पाटी वाचायला लावण्यापेक्षा हे बरं.

मग दगडी शिल्पं. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, समोर आला तर तो खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली पडलेला वीर, बऱ्याचदा बाजूला गुरं, म्हणजे गाई सोडवताना मेलेला. त्यावर लढाई. त्याच्या वर दोन्ही बाजूंना अप्सरा आणि मध्ये वीर, म्हणजे त्याला स्वर्गात नेलं जातंय. अगदी वर तो शिवलिंगाची पूजा करताना. टोकाला चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा अर्थ. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. हे एकदा समजलं की पन्हाळ्याच्या वाटेवर, खेड्यांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात उभे असलेले दगड तुम्हाला वाचता येतात. संग्रहालयातून इतकं सोबत घेऊन बाहेर पडता आलं तर तिकीट वसूल झालं समजा.

शेवटी चित्रं. कोल्हापूरची चित्रपरंपरा आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर अशा नावांनी घडली. आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थाची निसर्गचित्रं पुन्हा पुन्हा रंगवली. संध्याकाळी रंकाळ्यावर जाणार असाल तर ही चित्रं आधी बघा.

दुपारी न्यू पॅलेस

टाऊन हॉल ते न्यू पॅलेस अंतर साधारण दोन किलोमीटर. जेवण मध्ये उरकून दोनच्या सुमारास पोचा आणि दीड ते दोन तास ठेवा. उन्हं खाली जायच्या आत दरबार हॉल बघायला हवा, कारण त्याच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रातले प्रसंग आहेत आणि त्यांचे रंग बाहेरच्या उजेडावर खुलतात. ढगाळ संध्याकाळी त्याच काचा निस्तेज दिसतात.

दालनांत पोशाख, शस्त्रं, अंबारी, दागिने, छायाचित्रं, पत्रव्यवहार आणि शिकारीचे प्राणी आहेत. पेंढा भरलेले वाघ-बिबटे आणि प्राण्यांच्या अवयवांपासून केलेल्या वस्तू लहान मुलांना घाबरवू शकतात, काही मोठ्यांनाही ते बघवत नाही. त्या दालनातून भरभर पुढे जायला काहीच हरकत नाही. थांबायचं ते राजर्षी शाहू महाराजांशी निगडित छायाचित्रं आणि कागदपत्रांपाशी. महाराज १८९४ मध्ये गादीवर आले, १९२२ मध्ये गेले. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते शहाजी छत्रपती १९४७ मध्ये गादीवर आले आणि १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. या तारखा डोक्यात ठेवून फिरलात तर छायाचित्रांतली माणसं एकमेकांत मिसळत नाहीत.

वेळ असेल तर पुढे कसबा बावड्यात लक्ष्मी-विलास पॅलेस आहे. २६ जून १८७४ ला शाहू महाराजांचा जन्म तिथे झाला. न्यू पॅलेसहून परत शहरात यायच्या आधी हे उरकता येतं, नंतर मुद्दाम कुणी जात नाही.

संध्याकाळ जुन्या गावात, पायी

अंबाबाई, भवानी मंडप, खासबाग हा सगळा भाग चालत बघायचा. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये लावा. मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत गाडी घालाल तर निम्मी संध्याकाळ तिथेच जाईल. दर्शनाची रांग मोठी असेल तर आधी मंदिराला बाहेरून एक पूर्ण फेरी घाला. काळ्या दगडातल्या बाहेरच्या भिंतींवर नर्तकी आणि वादक स्त्रियांची शिल्पं आहेत. सकाळी टाऊन हॉलमध्ये सुटी शिल्पं बघितलेली असतात, इथे तशीच शिल्पं आपल्या जागी बसलेली दिसतात. मंदिरात अंगभर कपडे असावेत. शुक्रवारी रात्री देवीची पालखी निघते. शुक्रवारी मुक्काम असेल तर रात्रीचं जेवण लवकर उरका.

भवानी मंडपातून बाहेर पडलं की चप्पल लाईन, आणि मंदिराजवळच गुजरी, म्हणजे सराफ बाजार. कोल्हापुरी साज बघायचा असेल तर गुजरीत, पायताण घ्यायचं असेल तर चप्पल लाईनला. खासबाग हे कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ मध्ये पूर्ण झालं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधलं प्रेक्षागार बघून महाराजांनी हे मनावर घेतलं. मधला हौदा खाली आणि भोवती चढती बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. कुस्तीचं मैदान नसलं तरी ही रचना बघून या. जवळच्या तालमीत सकाळ-संध्याकाळ मेहनत चालू असते. आत जायचं तर वस्तादांना विचारून, चप्पल बाहेर काढून. आखाड्याच्या तांबड्या मातीत पाय ठेवायचा नाही.

मावळतीला रंकाळा. आधी रंकाळा आणि मग मंदिर असा क्रम लावला तरी चालतो. किरणोत्सवाच्या दिवसांत मात्र मंदिर आधी.

कणेरी: सकाळी, पाण्याची बाटली घेऊन

शहरापासून बारा-पंधरा किलोमीटर, पुणे-बेंगळुरू महामार्गाने कागलच्या दिशेने, गोकुळ शिरगावच्या बाजूला. पन्हाळा आणि कणेरी एका दिवसात बसवणारे पुष्कळ असतात आणि बहुतेक सगळे दमून परततात. पन्हाळा शहराच्या वायव्येला, कणेरी दक्षिणेकडे. मध्ये सगळं शहर ओलांडावं लागतं. नकाशावर अंतर थोडं दिसतं, संध्याकाळच्या गर्दीत तेच दुप्पट वेळ खातं. ही जोडी करूच नका.

म्युझियम उघड्यावर आहे, सुमारे सात एकरांत. ऐंशीच्या आसपास प्रसंग आणि तीनशेच्या आसपास सिमेंटचे पुतळे: मोट हाकणारा, खळ्यावर मळणी, लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, वैद्य, वाणी, पाणवठा, बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार. पुतळे माणसाएवढे आहेत आणि बारकावे थक्क करणारे: म्हाताऱ्याच्या पायाच्या शिरा, बैलाच्या वशिंडाचा कल, ताणलेल्या दोरीचा पीळ. फिरायला अडीच ते तीन तास लागतात. सावली तुरळक आहे, म्हणून नऊ-साडेनऊला आत शिरून बारा-साडेबाराला बाहेर पडणं उत्तम. दुपारी बारानंतर शिरलात तर निम्म्या वाटेत मुलं रडायला लागतात आणि उरलेले प्रसंग पळत बघितले जातात. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना पुढे ठेवा. नांगराचे भाग, मोटेचा सौंदर, तिफण, जातं यांची नावं पाटीपेक्षा तेच चांगली सांगतात. चालणं बरंच आहे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी मध्ये मध्ये बसत जावं.

कणेरीला एक गोष्ट ध्यानात ठेवून फिरावं. तिथला गाव एकोप्याचा, स्वयंपूर्ण आणि कुणाचंही मन न दुखावणारा दाखवला आहे. कारागिरी आणि अवजारं समजून घ्यायला तो उत्तम. त्याच बलुतेदारीत कुणाला वेशीबाहेर राहावं लागे, कुणाला पाणवठा बंद असे, हे त्या पुतळ्यांत दिसत नाही. १९०२ च्या आदेशाची गरज का पडली, ते मुलांना सांगायची खरी जागा इथेच आहे. म्हणून कणेरी न्यू पॅलेसनंतर बघावं, आधी नको.

परतताना वाटेत विद्यापीठ लागतं. सुट्टीचा दिवस नसेल तर खांडेकर संग्रहालय बघून घ्या. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीतला तो पहिला. त्यांच्या वापरातल्या वस्तू आणि कागदपत्रं पाऊण तासात निवांत बघून होतात. तिथून राजारामपुरीतलं मांडरे कलादालन जवळ. चंद्रकांत मांडरे रुपेरी पडद्यावरचे नट म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण ते बाबूराव पेंटरांच्या परंपरेतले चित्रकार होते. आपला राहता बंगला आणि चित्रं त्यांनी शासनाला दिली. त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं ही इथली खासियत. कोरडी रंगपूड कागदावर घासत, चोळत छटा उतरवायच्या, ब्रशाचा फटकारा नाही, पाणी नाही. धुक्यातली झाडं आणि पाण्यावरचा उजेड या पद्धतीत कसा उतरतो हे काचेपासून हातभर अंतरावर उभं राहून बघा, मग चार पावलं मागे सरका. पाऊण तास भरपूर झाला.

पन्हाळा

वीस-बावीस किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. स्वतःची गाडी असेल तर शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ असा रस्ता. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात पन्हाळा आहे. गडाचं क्षेत्र मोठं आहे आणि गावही गडावरच आहे, त्यामुळे "पन्हाळा बघितला" म्हणणारे अनेकदा नुसती भेळ आणि वारा खाऊन उतरतात. चार जागा सोडू नका: तीन दरवाजा, अंधार बाव, अंबरखाना, सज्जा कोठी. अंधार बाव तीन मजली विहीर आहे, आतल्या पायऱ्या ओलसर असतात, रबरी तळाचे बूट बरे. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्यकोठारं. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून कित्येक महिने पडला होता. गड इतके महिने का टिकला, त्याचं उत्तर या कोठारांच्या जाड भिंतींत आहे. सज्जा कोठीवरून खालचं खोरं दिसतं. तिथे शेवटी जा, म्हणजे सगळ्या गडाचा अंदाज एका नजरेत येतो. चार तास धरा, जोतिबा जोडलात तर सहा. रविवार जोतिबाचा वार, म्हणून ती जोडीही सोमवारीच सोपी.

आखणी, प्रत्यक्ष

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने शनिवारी सकाळी उतरणाऱ्यांसाठी: आंघोळ, मिसळ, साडेदहाला टाऊन हॉल, दोनला न्यू पॅलेस, मावळतीला रंकाळा, मग जुनं गाव. मिसळ सकाळीच खावी, चांगल्या ठिकाणचा कट दुपारपर्यंत संपतो. तांबडा-पांढरा रात्रीला ठेवा, दुपारी खाल्लात तर न्यू पॅलेसमध्ये डोळे मिटू लागतील. रविवारी सकाळी कणेरी, दुपारी जेवून मांडरे कलादालन. रविवारी रात्रीच्याच गाडीने परतायचं असेल तर एवढ्यावर थांबा, पन्हाळ्याचा मोह धरू नका. सोमवार हाताशी असेल तर तो पन्हाळ्याचा.

चौथा दिवस असेल तर पूर्वेला खिद्रापूर, साठेक किलोमीटर. वाटेत नृसिंहवाडी. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि छताला मधोमध गोल मोकळीक. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं हे काम. ऊन डोक्यावर असताना त्या गोलातून खाली उतरणारा उजेड बघायचा, म्हणजे पोचायची वेळ अकरा ते एक.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, निघायच्या आदल्या रात्री पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी चढत असेल तर केर्लीजवळ पन्हाळ्याकडचा रस्ता बंद होऊ शकतो, मोठ्या पुरात शिरोलीजवळ महामार्गसुद्धा. ३९ ओलांडलं असेल तर पन्हाळा रद्द करून तो दिवस शहरातल्या संग्रहालयांना द्या. तो सोमवार निघाला तर भवानी मंडप, खासबाग आणि खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा मानस्तंभ छत्री घेऊन पायी बघता येतो. पण ४३ च्या पुढे गेलं असेल तर प्रवासच पुढे ढकला. गावातले रस्ते त्या वेळी मदतीच्या गाड्यांना मोकळे लागतात.